नव्या जागेत फ्रीझर घुरघुरतो

२ मे

आला एकदाचा! फ्रीझर नव्या दुकानात आला. चार हमाल, एक टेम्पो, आणि मागून पाण्याची बाटली हातात धरून "सावकाश, सावकाश" करणारे आमचे हे. घाम हमालांनी गाळला, कंबर धरून बसले मात्र हे!

वाटणी झाली ते बरंच झालं. थोरल्यांना जुनी जागा आणि किराणा, आम्हाला आइस्क्रीमचं यंत्र आणि हा आडवा, दोन झाकणांचा धूड फ्रीझर. जागा आम्ही शोधू म्हटलं, शोधली. पुढे दुकान, मागे राहायची खोली. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाच्या नजरेखाली नाही.

जाऊबाई निरोप द्यायला पायरीवर उभ्या होत्या. मला नव्हे, फ्रीझरला. हमालांना सांगतात, "तिरका करू नका रे त्याला." मग माझ्याकडे वळून, "काही अडलं तर सांग." अडलं तर! म्हणजे अडणार हे बाईसाहेबांनी गृहीतच धरलेलं. मी टेम्पोच्या काचेतून समोर बघत राहिले.

जागेवर ठेवल्यावर बाजूची जाळी उघडून आतून साफ केला. काय ती घाण! कॉम्प्रेसरच्या पायांखाली चिंध्यांत गुंडाळलेल्या रबराच्या गठड्या खुपसलेल्या — सुतळीनं करकचून बांधलेल्या, तेलानं काळ्याकुट्ट. आणखी एक तांब्याच्या नळीच्या आणि पत्र्याच्या मध्ये. एका रबराला तर भोकसुद्धा होतं. हा जाऊबाईंचाच कारभार, दुसऱ्या कुणाचा असणार? त्यांना काही टाकवत नाही, फट दिसली की काहीतरी खुपसायचं. पक्कड घेतली आणि दात उपटावा तशा एकेक उपटून काढल्या. थेट कचऱ्याच्या गाडीत. मग पत्रा घासला, जाळी घासली. आता कसा लख्ख दिसतोय! त्या घराची शेवटची घाण गेली.

३ मे

ह्यांना फ्रीझर कालच चालू करायचा होता. मी करू दिला नाही. हलवल्यावर दिवसभर तसाच ठेवायचा असतो, आतलं तेल खाली बसावं लागतं.

"तुला कुणी सांगितलं?"

जाऊबाईंनी सांगितलं होतं कधीतरी. पण ते कशाला बोला? "वाचलं कुठेतरी," म्हटलं.

आज संध्याकाळी चालू केला. आधी खर्रर्र. मग घुंऽऽ. आणि त्या घुंऽऽच्या मधूनमधून पत्र्यावर कुणी चमचा आपटावा तसं टणटणटण. फळीवरच्या काचेच्या वाट्या एकमेकींना धक्के देत पुढे सरकायला लागल्या. एक तर उडीच मारणार होती, मी झेलली.

"नवी जागा आहे. रुळेल," हे म्हणाले.

फ्रीझर काय नवी नवरी आहे रुळायला?

४ मे

रुळला नाही. आम्हीच जागे. म्हणजे मी जागी. हे घोरत होते — दोघांची जुगलबंदी.

माझी झोप कधी मोडत नाही. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा जाऊबाई माडीवरची मागची हवेशीर खोली धरून बसलेल्या, आणि आम्हाला कुठली? दुकानाला लागून असलेली खालची. भिंतीच्या पलीकडे हाच फ्रीझर, अलीकडे माझी उशी! तरी मी दगडासारखी झोपायचे. कुणी म्हणून माझी झोप मोडली नाही. ती मी आईकडून आणलेली कमाई.

त्यावरूनही टोमणे होतेच. रोज सकाळी, मी चहाला ओट्यापाशी गेले की बाईसाहेबांचा पहिला प्रश्न — "झोप लागली का गं नीट?" रोज! एक दिवस चुकला असेल तर शपथ. उशिरा उठलीस असं सरळ म्हणायची हिंमत नाही, म्हणून हे गोड बोलणं. मी नुसतं "हं" करायचे आणि कप उचलायचे.

आता इथे कुणी विचारणारं नाही, तर झोपच नाही. घ्या!

५ मे

वरचे मास्तर खाली आले. जागेचे मालक तेच. पूर्वी शाळेत गाणं शिकवायचे, आता घरीच शिकवणी. हातात छत्री, पायात मोजे, चेहरा असा की सगळं जग बेसूर आहे आणि त्यांना एकट्यालाच कळतंय.

"आवाजाला माझी हरकत नाही," म्हणाले. "पण तो सुरात नाही."

मी म्हटलं, मास्तर, फ्रीझर आहे तो.

"असेना. माझ्या मुली सा लावतात, खालून हा लावतो त्याचा. हा मोठ्यानं लावतो. हळूहळू सगळ्या त्याच्याकडे सरकतात."

हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना वाटलं मी रडतेय. "बघा काहीतरी," म्हणून गेले.

७ मे

ह्यांचा शोध — जमीन वाकडी आहे म्हणून आवाज येतो. कुणी सांगितलं? पानवाल्यानं. आमच्या घरात विज्ञान पानाच्या टपरीवरून येतं.

मग सकाळभर कार्यक्रम. ह्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि फ्रीझरच्या पायांखाली सारले. एका बाजूला सारले की दुसरी उचलायची. मग तिकडे सारायचे. दुपारपर्यंत फ्रीझर वीतभर वर गेला. आवाज तसाच. शेवटी मी ताटात पाणी घेतलं, ताट जमिनीवर ठेवलं. पाणी कसं? सपाट. एका बाजूला तसूभर झुकलं नाही.

नाचता येईना, अंगण वाकडं!

पुठ्ठे सगळे काढले. काढताना हे म्हणाले, "निदान जमीन सरळ आहे हे तरी कळलं."

९ मे

मेकॅनिक आला. आल्या आल्या हात धुवायला पाणी मागितलं, मग टॉवेल मागितला, मग चहा मागितला. काम मागितलं नाही. नाव काहीही असो, मी त्याला डॉक्टर म्हणते, कारण स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रीझरला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून बसतो.

बराच वेळ बसला. मला वाटलं झोप लागली. मग डोळे उघडले.

"आतून येतोय आवाज."

मग काय शेजारून येणार?

"गॅस कमी असेल. नाहीतर जास्त असेल." एवढं ज्ञान देऊन त्यानं जाळी उघडली, आत वाकला आणि म्हणाला, "एवढं स्वच्छ मशीन मी पाहिलं नाही." ते मात्र बरोबर बोलला. मग कॉम्प्रेसरचे नट सगळे जोर लावून आवळले. "आता बघा."

१० मे

आवाज वाढला. नट आवळले म्हणून. डॉक्टरांचं अभिनंदन!

१२ मे

दुकान उघडलं. गिऱ्हाईक चांगलं आलं, उन्हाळा आहे, येणारच. जुनी माणसंही आली शोधत. एक आजोबा कप हातात घेऊन बराच वेळ उभे. मी विचारलं, चव बदलली का? म्हणाले, "चव तीच आहे. पण तिकडे दुकानात आवाज नव्हता हो."

नव्हता. तोच फ्रीझर, तीच वीज, तीच माणसं. तिकडे मांजरासारखा गप्प आणि इथे हा तमाशा!

ह्यांनी झाकणावर दगड ठेवून पाहिला. सूर बदलला. दोन ठेवले. आणखी बदलला. मास्तरांच्या मुली वरून लगेच तिकडे वळल्या. हे खूश होऊन तिसरा आणायला निघाले होते, मी दार अडवलं.

१४ मे

आज हसू आलं नाही. मास्तर आले ते छत्रीशिवाय. बसले नाहीत.

"शिकवणीला येणाऱ्या दोन मुली सोडून गेल्या. एकीच्या आईनं सांगितलं, पोरगी घरी मशीनसारखी गाते. मी महिनाअखेरपर्यंत थांबतो. तोवर हा बंद झाला नाही तर जागा मोकळी करा. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका! बोलून झालं की हे एक मलम.

मी त्यांना काय बोलणार? त्यांचं चूक नाही. अकरा दिवस मीच त्याच्याबरोबर झोपते — म्हणजे झोपत नाही. जेवताना घास मोजून चावायला लागले आहे, त्याच्या टणटणच्या तालावर.

जागा गेली तर भर हंगामात दुसरी कुठे मिळणार? आणि फ्रीझर रस्त्यावर ठेवून आइस्क्रीम विकता येत नाही. म्हणजे परत तिथेच. त्याच घरात, त्याच खालच्या खोलीत, त्याच ओट्यापाशी. ह्यांनी आज हळूच सांगून टाकलं — "वहिनी म्हणत होत्या, खोली तशीच ठेवली आहे म्हणून."

तशीच ठेवली आहे! बघा किती खात्री! अजून महिना नाही झाला आणि बाईसाहेब उशा झटकून वाट बघतायत, कधी तोंड पाडून येते ही.

मी नाही जाणार. फ्रीझर गेला तरी चालेल, मी नाही.

१६ मे

डॉक्टर पुन्हा. पुन्हा टॉवेल, पुन्हा चहा. पुन्हा डोळे मिटले. निदान — कॉम्प्रेसर गेला. नवा टाकावा लागेल.

मी विचारलं, गेला असता तर आइस्क्रीम दगडासारखं कसं जमतं?

"गेला म्हणजे जाणार आहे."

तसे तर आपण सगळेच जाणार आहोत!

नवा टाकला तर आवाज जाईल याची खात्री देतोस का, विचारलं. "खात्री कशाचीच देता येत नाही वहिनी." उथळ पाण्याला खळखळाट फार. अख्ख्या हंगामाची कमाई ह्याच्या हातात ठेवायची, वर खात्री नाही. हे आपले मान डोलावत होते, ह्यांना कुणीही ठामपणे बोललं की खरं वाटतं. मी डॉक्टरला दार दाखवलं. जाताना टॉवेल खांद्यावरच घेऊन गेला.

१७ मे

भांडण. हे म्हणाले, "वहिनींना विचारू या का? तिकडे त्याच बघायच्या ना सगळं."

एवढंच बोलले. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कागद पेटेल. थोडक्यात — ज्या बाईनं मला दूध किती आटवायचं, साखर कधी घालायची, झाकण कुठल्या हातानं उघडायचं हे इतकी वर्षं शिकवलं, तिच्याकडे मी आता विचारायला जाऊ? पहिल्याच महिन्यात? "बघा, मी म्हणालेच होते" हे ऐकायला?

"वहिनी असं म्हणणार नाहीत," हे म्हणाले.

म्हणणार नाहीत. मनात म्हणतील. ते जास्त वाईट.

१९ मे

खर्रर्र. घुंऽऽ. टणटणटण. आजच्या दिवसाचा हाच वृत्तान्त.

२१ मे

ह्यांनी आता मोबाइलवर शिकायला घेतलंय. कुठल्या तरी गृहस्थानं सांगितलं की आवाज कोंडला की मरतो. ह्यांनी तो कोंडला. मी बाजारात गेले होते तेवढ्यात जाळीला बाहेरून थर्माकोल लावला, त्यावर आमची जाड गोधडी, त्यावर दोरी. परत आले तर फ्रीझर आजारी माणसासारखा गुंडाळून बसलेला आणि हे दारात हसत उभे. "ऐक!"

ऐकलं. खरंच शांत. दोन मिनिटं मी ह्यांच्याविषयी चांगलं बोलले. मनातल्या मनात.

मग तो जो शांत झाला तो बंदच पडला. जाळीतून वारा जायचा, तोच कोंडला, मशीन तापून लाल. कळेपर्यंत दुपार कलली होती. एका बाजूचे सगळे डबे — आंबा, पिस्ता, कालच रात्री केलेलं चॉकलेट — नुसतं गोड दूध! मी उघड्या झाकणात बघत उभी राहिले. ह्यांना ओरडायलाही जीव राहिला नाही. ते कोपऱ्यात बसून गोधडीची घडी घालत होते, पुन्हा पुन्हा, तीच घडी.

रडले. एकटीच, मागच्या खोलीत. कशासाठी लपवा, इथे कोण वाचतंय! मला हे दुकान हवंय. माझं आहे ते. आयुष्यात पहिल्यांदा एक दार आहे ज्याची किल्ली माझ्या कमरेला आहे, आणि ते जाणार एका पत्र्याच्या पेटीच्या खोकल्यामुळे.

२३ मे

पुन्हा चालू झाला. थंडही करतो. आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं, जणू गोधडीचा राग काढतोय.

मास्तर जिन्यात दिसले. नमस्कार केला नाही, नुसती कॅलेंडरकडे बघावं तशी माझ्याकडे नजर.

२४ मे

फोन केला. जाऊबाईंना.

मदत मागायला नव्हे! जाळीचा एक स्क्रू सापडत नाही, तो तिकडे राहिला का एवढंच विचारायचं होतं. अगदी साधी गोष्ट. बोलताना नकळत काही कळलं तर कळलं.

"ताई, जाळीचा एक स्क्रू तिकडे राहिलाय का?"

त्यांनी स्क्रूचं नावही काढलं नाही. थेट, "आवाज करतोय ना?"

"छे!" म्हटलं. "अजिबात नाही."

आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागे — खर्रर्र, घुंऽऽ, टणटणटण! माझ्याच मुळावर उठलाय मेला. मी फोनवर हात ठेवला, पण हात किती मोठा असणार?

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. "स्क्रू बघते." आणि ठेवला.

हसल्या का? हसल्याच असतील. बघा, मी सांगत होते.

२५ मे

भर दुपारी दारात जाऊबाई. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, हातात पिशवी. "स्क्रू आणलाय," म्हणाल्या. आणि पिशवीतून खरंच स्क्रू काढला. तो आमच्या जाळीचा नव्हता.

पाणी दिलं. प्यायल्या. इकडेतिकडे नजर फिरवली — आता काढणार खोड, मी कंबर कसून तयार. "मांडणी छान केलीस," एवढंच. मग फ्रीझरपाशी गेल्या, जाळी काढली, वाकून आत पाहिलं. बराच वेळ. डॉक्टरसारखे डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले.

"इथे मी काहीतरी ठेवलं होतं."

"घाण होती ती. टाकली," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

वाटलं आता फुटणार. जाऊबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. "टाकलीस होय! बरं केलंस. जुनी झाली होती, बदलायला आलीच होती. सुरी दे एक. धारेची. आणि जुनं फडकं."

दिली. त्यांनी जमिनीवर फतकल मारली, पायातली रबरी चप्पल काढली, तिचे पट्टे उपटले आणि तळवा कापायला घेतला. मी "अहो ताई, हे काय!" म्हणेपर्यंत एक तुकडा पडलासुद्धा. त्या तुकड्यात अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक होतं. गोल, मधोमध. ते भोक मी कुठे पाहिलंय हे लगेच आठवलं, आणि मी फडक्याच्या चिंध्या करायला घेतल्या.

"ह्याचे मूळचे रबर कधीच झिजून गेलेत. लोखंडावर लोखंड बसतं, मग आरडतो. आणि हे नट कुणी एवढे आवळले? ढिले करा आधी." हे पहारीनं कॉम्प्रेसर जरासा उचलून धरायला, मी टॉर्च धरायला, त्या हुकूम सोडायला. चिंधीत गुंडाळलेले तुकडे एकेका पायाखाली सरकवले. एक नळीच्या आणि पत्र्याच्या मध्ये दाबून बसवला. दोन्ही चपला संपल्या.

"लाव आता."

लावला. घुं... एवढंच. मग तेही ऐकायला कान द्यावा लागला. फळीवरच्या वाट्या जागच्या जागी उभ्या. वरून मास्तरांच्या मुलींचा आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट ऐकू आला. फार काही बऱ्या गात नाहीत.

हे म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं सगळं गिळलं.

न राहवून विचारलं, "ताई, हा तिकडे आधीपासून असाच शांत होता का?"

"छे गं! चांगला आरडायचा. पण आधी खालच्या खोलीत पोती असायची, पोत्यांना काय त्रास?" मग एकदम सुरी पुसायला लागल्या. "पुढे मलाच मेला तो आवाज सहन होईना. दुपारचा जरा डोळा लागायचा नाही माझा. म्हणून बसवले. मधूनमधून बदलावे लागतात हं, चेपतात."

बघा! मला क्षणभर भलतंच वाटलं होतं. स्वतःच्या दुपारच्या झोपेसाठी केलेला खटाटोप. म्हणजे ऋण बिण काही नाही, मनावर ओझं घ्यायचं कारण नाही. बरं झालं स्पष्ट कळलं.

बाहेर डांबर भाजत होतं. माझ्या चपला पुढे केल्या. मापाला लहान, टाचा मागे बाहेर. तशाच गेल्या, फटक फटक वाजवत. म्हातारीसारख्या चालायला लागल्यात हल्ली.

२६ मे

मास्तर खाली आले. पुन्हा छत्रीसकट, म्हणजे स्वारी खुशीत. जागा सोडायचा विषय बंद. पण तक्रार घेऊनच आले — "मुलींना आज सा सापडेना! सवय लागली होती हो त्यांना खालच्याची."

म्हटलं, मास्तर, अर्धा तास आवाज चालू करून देऊ का परत?

आधी विचार केला त्यांनी. खरोखर विचार केला! मग घाईघाईनं जिना चढून गेले.

आज नवे डबे भरले. आंबा चांगला जमलाय. ह्यांना चाटायला दिला, तेही कालचं सगळं विसरून पानवाल्याला दाखवायला घेऊन गेले, "आवाज कसा काढला" ते सांगायला. ह्यांनी काढला!

२७ मे

गाढ झोपले. सकाळी फळीवरच्या वाट्या पुसत होते, आणि एक वाटी हातातच राहिली.

जाऊबाईंची खोली माडीवर. अगदी मागच्या टोकाला. तिथे दुकानाचं शटरसुद्धा ऐकू जात नाही. शटर उघडलं हे सांगायला इतकी वर्षं मीच तर जिना चढून वर जायचे!

भिंत माझ्या उशाशी होती. पोती काढून तिथे मला आणलं होतं.

फोन लावला. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं, आणि बोलायची वेळही आली नाही. तिकडून पहिलाच प्रश्न —

"झोप लागली का गं नीट?"

"लागली, ताई," म्हटलं. "रोजच लागायची."